तांबड्या समुद्रातली लढाई आणि आमचा रॉटरडॅमचा कंटेनर

येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्रातून जाणं थांबवलं, तेव्हा तासगावच्या आमच्या थॉमसन द्राक्षांच्या बागेत मण्यांत पाणी उतरत होतं.

बाब-एल-मांदेब ही येमेन आणि आफ्रिकेच्या मधली जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी. तिथंच धोका म्हटल्यावर पलीकडचा सुएझ कालवा उघडा असून काय उपयोग? जहाजं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला एरवी तीन-साडेतीन आठवडे लागायचे. "आता पाच धरून चला," निर्यातदार म्हणाला. भाडं वाढलं, युद्धजोखमीचा अधिभार वेगळा. पण आमचा जीव अडकला होता तो देठात.

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, जुनं होत जातं. मणी बरा दिसतो, पण देठ आधी वाळतो, तपकिरी पडतो. तिकडचा खरेदीदार पेटी उघडली की पहिल्यांदा देठच बघतो. म्हणून घड बागेतच निवडले. जिथं मणी दाटीनं बसले होते, आत हवा खेळत नव्हती, तो माल निर्यातीतून काढला. हिरव्या, जाड देठाचे घड तेवढे ठेवले. दव उडाल्यावर तोडणी सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत आटपायची. क्रेट सावलीत, तिथून लगेच पॅकहाऊसला, प्रीकूलिंगला, म्हणजे माल झटपट थंड करायला. पेटीत ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा, कागद दोन टप्प्यांचा घेतला: सुरुवातीला गंधकाचा वायू जोरात सोडणारा, नंतर हळूहळू.

औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा) दाखला, ही कामं नेहमीसारखी झाली. अडलं ते कंटेनरपाशी. गेलेली जहाजं उशिरा परतत होती, त्यामुळे रिकामे रीफर, म्हणजे थंड कंटेनर, मिळेनात आणि जहाजाची तारीख पुढे सरकत राहिली. माल तोडून कोल्ड स्टोरेजला ठेवू, असा आग्रह झाला. मी नाही म्हणालो. बुकिंग पक्कं होईपर्यंत घड वेलीवरच राहिले. पावसाची धास्ती होती, रात्री झोप नव्हती, तरी तोच निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

माल पोचला. काही पेट्यांत देठ तपकिरी निघाले, त्यांचे पैसे कापले गेले. बाकीचा पास झाला. उरलेली बाग साखर भरू देऊन बेदाण्याला घातली. आता सौदा करताना जहाज कोणत्या मार्गानं जाणार आणि उशीर झाला तर कमीत कमी दर किती, हे मी तोडणीआधी लिहून घेतो.