दिवे घाटाला उतार नाही

हडपसरला दोन्ही पालख्यांची ताटातूट होते. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे निघतात, माउली सासवडच्या रस्त्याला वळतात. तिथून थोडं चाललं की समोर डोंगर दिसू लागतो, आणि आमच्या दिंडीतल्या परभणीच्या आजी दरवेळी एकच प्रश्न विचारतात, "ह्यो कोणता डोंगर म्हनायचा, माउली?"

ही भुलेश्वराची रांग. सह्याद्रीपासून फुटून सिंहगडावरून पूर्वेला निघते. कात्रज, बोपदेव, दिवे, शिंदवणे हे घाट हिच्याच खिंडींतले. पुढे मल्हारगड, भुलेश्वर, आणि पाटसच्या बाजूला रोटी घाटाशी येईपर्यंत ती इतकी बुटकी होते की मोटारीतून जाणाऱ्याला डोंगर ओलांडल्याचं कळतही नाही. पायी जाणाऱ्याला कळतं. मी तुकोबांबरोबर चालले आहे तेव्हाचं सांगते: लोणी, यवत, वरवंड असे मुक्काम होईतो हा डोंगर सतत उजव्या हाताला असतो, आणि मग रोटीत त्याचं शेपूट ओलांडून पालखी बारामतीच्या अंगाला उतरते. म्हणजे डोंगर दोघांनाही चुकत नाही. माउली तो भर उंचीवर चढतात, तुकोबा वळसा घालून.

पुणे ते सासवड ही वारीतली सगळ्यात लांब मजल, तीसेक किलोमीटरची. त्यात बहुधा एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा आणि राजगिऱ्याचा लाडू. वडकीला विसावा झाला की घाट सुरू. खाली पेशवेकाळातला मस्तानी तलाव दिसतो. रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि मग टाळ-पखवाजाच्या गजरात सगळा घाट हलायला लागतो. प्रत्येक वळणावर कॅमेरेवाल्यांची गर्दी. त्यांना वरून दिंड्यांची रेघ हवी असते. आम्हाला समोरच्याच्या टाचा दिसतात. मात्र रस्त्यासाठी खडक जिथे कापला आहे तिथे मी नेहमी बघते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आडवे थर आहेत हे, एकावर एक. टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून लांबून पाहिलं तर सगळ्या डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात.

घाटमाथा आला. आजी थांबल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, "आता उतार कुठं हाय?"

उतार नाहीच. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, सासवड साडेसातशेच्या वर. पुण्याच्या बाजूने हा डोंगर भिंतीसारखा उभा आणि पलीकडे कऱ्हेचं पठार. चढलेलं सगळं पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरेपर्यंत थोडं थोडं फिटतं.

याच माथ्यावर पाणीही वाटून घेतलं जातं. उत्तरेला पडलेला पाऊस मुळा-मुठेतून भीमेला मिळतो. दक्षिणेला पडलेला कऱ्हेत जातो, कऱ्हेतून नीरेत, आणि नीरा नरसिंगपूरला भीमेत. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा. हे सांगितल्यावर आजींनी रस्त्याकडेच्या ओहोळाला हात जोडले. मी भूगोल सांगत होते, त्यांनी दर्शन घेतलं.

सासवडला मुक्काम दोन रात्रींचा. मधल्या दिवशी बहुतेक जण सोपानकाकांच्या समाधीला जातात, कपडे धुतात, पायांना तेल लावतात. मी समाधीचं दर्शन घेऊन सोनोरीला गेले आणि मल्हारगड चढले. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी 1757 ते 1760 च्या दरम्यान बांधलेला हा गड मराठी मुलखातला शेवटचा किल्ला मानतात. आकाराने छोटाच, पण दिवे घाटावर नजर ठेवायला जागा अचूक. ही रांग ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुण्याची वाट. पुणं बेचिराख करणाऱ्या आदिलशाही सरदार मुरार जगदेवालाही ते कळत होतं. त्याने भुलेश्वराच्या यादवकालीन मंदिराभोवतीच दौलतमंगळ किल्ला उठवला. आणि नानासाहेब पेशव्यांना शहरासाठी पाणी हवं झालं तेव्हा त्यांनी कात्रजच्या पायथ्याशीच तळं बांधून तिथून पुण्यात नळ नेला. सिंहगडाच्या लढाईवर जेवढं बोललं जातं त्याच्या दहाव्या हिश्शानेही या पाण्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला खटकतं.

गडावर वारा असा की डोक्यावर पदर ठरेना. उत्तरेला त्या वेळी तुकोबांची पालखी यवतच्या वाटेवर असणार. ती दिसते का पाहावं म्हणून तटावर उभी राहिले, तर पुण्याकडून पाऊस आला. खाली सोनोरीत एका घराच्या ओसरीवर थांबले. घरच्या आजोबांनी चहा दिला आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "सिंहगडावर कोसळतो तो हितं नुसता शिंपडा मारतो, ताई. म्हणून तर आमचं अंजीर नि सीताफळ गोड." खरोखरच दहा मिनिटांत उघडलं. हरिपाठाला वेळेवर पोचायचं म्हणून मी सासवडची वाट धरली.