पट, ठोसा आणि मधले एक मिनिट

बुद्धिबळ आणि बॉक्सिंग एकाच लढतीत खेळण्यात मतलब काय, आणि हे सगळे खरेच गांभीर्याने चालते का, हा प्रश्न चेसबॉक्सिंगचा सराव करणाऱ्या माझ्यासारख्याला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा हसू आवरत नसते, आणि त्यात काही गैर नाही, कारण या खेळाची कल्पना मुळात एका चित्रकथेतली आहे. एंकी बिलाल यांच्या 1992 मधील फ्रेंच चित्रकथेत अशी लढत आहे, पण तिथे आधी बॉक्सिंगची अख्खी लढत होते आणि मग पट मांडला जातो. नेदरलँड्सचे कलावंत इएपे रुबिंग यांनी 2003 मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणताना एकच महत्त्वाचा बदल केला. त्यांनी दोन्ही खेळांच्या फेऱ्या आलटून पालटून घेतल्या. माझ्या मते हा खेळ त्या बदलातून जन्मला. बिलाल यांच्या पद्धतीने तो एकाच दिवशी झालेल्या दोन स्पर्धांपलीकडे गेला नसता.

रूढ नियमांनुसार पूर्ण लढत 11 फेऱ्यांची असते. त्यांपैकी सहा बुद्धिबळाच्या आणि पाच बॉक्सिंगच्या, प्रत्येकी तीन मिनिटांच्या. सुरुवात पटावर होते आणि शेवटही पटावर होतो. अख्ख्या डावासाठी प्रत्येक खेळाडूच्या घड्याळात नऊ मिनिटे असतात. मात, नॉकआऊट, घड्याळ संपणे, डाव सोडणे किंवा पंचांनी लढत थांबवणे, यांपैकी जे आधी घडेल त्यावर निकाल लागतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळते आणि तेवढ्यात ग्लोव्ह्ज काढून किंवा चढवून तयार व्हावे लागते.

माझ्या लेखी खरा खेळ त्या मिनिटात आहे. बॉक्सिंगची फेरी संपवून खुर्चीवर बसलेल्या खेळाडूकडे जवळून पाहिले, की छाती भात्यासारखी हलत असते, हाताच्या पट्ट्या घामाने भिजलेल्या असतात आणि अंगठा पट्टीत आवळलेला असल्यामुळे हत्ती उचलताना शेजारचे प्यादे आडवे होते. डाव जिथे थांबला होता तिथेच असतो, परंतु तीन मिनिटांपूर्वी ज्या चालीचा विचार केला होता ती आठवत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडावा तर घड्याळ चालू झालेले असते. 2008 मध्ये बर्लिनला निकोलाय साझिन या रशियन गणिताच्या विद्यार्थ्याकडून हरल्यावर फ्रँक श्टोल्ट या जर्मन पोलिसाने नेमके हेच कारण सांगितले होते: चौथ्या फेरीत अंगावर बसलेल्या ठोशांमुळे त्याचे चित्त विचलित झाले आणि पाचव्या फेरीत आपल्या राजावर चालून येणारे संकट त्याला दिसलेच नाही. म्हणूनच आमच्या सरावात दोरीवरच्या उड्या किंवा बॅगवरची एक फेरी झाली, की धाप लागलेली असतानाच जलद डावातल्या चाली खेळायच्या असतात. हृदयाचे ठोके लवकर खाली आणण्याची ही कला ना निव्वळ बुद्धिबळपटूला येते, ना निव्वळ मुष्टियोद्ध्याला.

डावपेचही त्यातूनच घडतात. ज्याचा ठोसा भारी आणि पट कच्चा, तो प्याद्यांची भिंत उभी करून डाव बंद ठेवतो आणि वेळ काढतो. पटावरचा वरचढ खेळाडू डाव मोकळा करून लवकर निकाल लावू पाहतो. हरणाऱ्याने चाल न करता नुसते बसून राहू नये म्हणून उगाच रेंगाळणाऱ्याला पंच ताकीद देतात. प्रेक्षागृहातून कोणी चाल सुचवू नये यासाठी खेळाडूंच्या कानांवर हेडफोन असतात (गर्दीत बुद्धिबळ कळणारे कमी आणि चाल सुचवणारे फार, हा अनुभव तुम्हालाही असेल).

लोकप्रियतेचे म्हणाल, तर बर्लिन आणि लंडन ही बराच काळ या खेळाची ठाणी होती. 2011 मध्ये कोलकात्यात भारतातील संघटना उभी राहिली. मात्र हा खेळ सर्वाधिक लोकांच्या डोळ्यांसमोर आला तो डिसेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या कार्यक्रमामुळे. तो यूट्यूबवर थेट दाखवला गेला आणि लाखोंनी पाहिला. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन बुद्धिबळाचे वेड लागलेला मोठा प्रेक्षकवर्ग आयताच तयार होता, आणि रिंगणात उतरलेले ग्रँडमास्टर अमन हॅम्बलटन किंवा दीना बेलेंकाया यांना तो पडद्यावर रोज पाहतच होता. या गर्दीतले किती जण खेळाकडे वळतील याबद्दल मी फारसा आशावादी नाही. पाहणारे वाढणे सोपे असते, तोंडावर ठोसा खायला तयार होणारे सावकाशच वाढतात.

आक्षेपांपैकी एक मला पूर्णपणे खोडता येत नाही. ज्या डोक्याने विचार करायचा त्याच डोक्यावर मार घेणे शहाणपणाचे नाही, असे डॉक्टर मित्र म्हणतात आणि ते बरोबर आहे. बॉक्सिंगचा धोका शेजारी पट मांडल्याने कमी होत नाही. सरावात हेडगार्ड वापरणे, डोक्यावरचे जोरदार ठोसे टाळणे आणि गरगरले तर लगेच थांबणे, एवढेच आपल्या हातात आहे. नवख्यांना मी आधी वर्षभर दोन्ही खेळ वेगवेगळे शिकायला सांगतो.

राहिला शेवटचा, नेहमीचा उपप्रश्न: डाव बरोबरीत सुटला तर काय? मग बॉक्सिंगचे गुण पाहिले जातात, आणि तेही समान निघाले तर काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा विजयी ठरतो, कारण पहिली चाल पांढऱ्याची होती.