जेवायला जॅकेट

दुपारचं जेवण झालं होतं आणि क्रूझ कंपनीने पाठवलेली सूचनांची चोपडी पोटावर ठेवून मी लोळत होतो. पासपोर्ट, विमा, बोट लागणाऱ्यांसाठी गोळ्या, केबिनमध्ये इस्त्री आणू नये, मेणबत्ती आणू नये. असल्या याद्या वाचताना डोळे आपोआप मिटायला लागतात. मिटतच होते, तेवढ्यात एक ओळ आली : संध्याकाळी सहानंतर मुख्य डायनिंग रूममध्ये पुरुषांनी जॅकेट घालणे आवश्यक. मी उठून बसलो आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

‘‘बरंच झालं,’’ ही म्हणाली. ‘‘तो कोट कपाटात लटकून लटकून कंटाळलाय. त्यालाही जरा समुद्राची हवा लागू दे.’’

हिच्या लेखी विषय तिथेच संपला. माझा सुरू झाला.

क्रूझला जाणाऱ्या मंडळींत या एका प्रश्नावरून जेवढं वाजतं तेवढं लाटांवरून किंवा बिलांवरूनही वाजत नसावं. एका बाजूचे म्हणतात, सुट्टीवर आलोय, पदरचे पैसे मोजलेत, जेवताना स्वतःला बांधून घ्यायला आलो नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, मग वरच्या डेकवर बुफे आहे, तिथे बसा आणि हवं तसं खा. मी मनाने दुसऱ्या पार्टीतला. पण त्या पार्टीतली माणसं मला फारशी झेपत नाहीत, ती उठता-बसता दर्जाच्या गोष्टी करतात. माझी कारणं निराळी आहेत आणि त्यातलं पहिलं म्हणजे खिसे.

वडिलांचा एकुलता एक काळा कोट कपाटाच्या अगदी कोपऱ्यात असायचा. जुन्या चादरीची शिवलेली पिशवी, तळाला डांबराच्या गोळ्या. दुपारी घर झोपलं की मी कपाट उघडून तो कोट अंगावर चढवायचो. तो पोटऱ्यांपर्यंत यायचा, हात बाह्यांत कोपरापुढे कुठेतरी हरवायचे, आणि त्या हरवलेल्या हातांनी मी खिसे तपासायचो. बाहेरचे दोन, छातीवरचा एक, आतला एक, शिवाय उजव्या खिशाच्या पोटात आणखी एक चिमुकला खिसा, ज्यात माझी दोनच बोटं मावायची. आतल्या खिशात एक दात तुटलेला कंगवा होता, आणि एक रुमाल. तो इतकी वर्षं घडीत पडला होता की उलगडला तरी घडीच्या रेघा पिवळ्या दिसायच्या. दर दुपारी मी तेच सामान काढायचो आणि तसंच परत ठेवायचो. नवीन काही सापडेल अशी आशा मात्र रोज नव्याने असायची.

वडील तो कोट क्वचित घालायचे, पण घातला की वेगळेच चालायचे. एरवी बाहेर पडताना किल्ली कुठाय, चष्मा कुठाय म्हणून घर डोक्यावर घेणारा हा माणूस कोटात शिरला की दारात क्षणभर थांबायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. किल्ली आणि चष्मा अर्थात खिशात असायचे. त्यामुळेच तो रुबाब परवडत असावा.

बोटीवर याचा प्रत्यय येतो. केबिनचं कार्ड, वाचायचा चष्मा, डुलणाऱ्या समुद्रासाठी एक गोळी, मेनूकार्डावर खूण करायला पेन. एवढं सगळं बिनजॅकेटचा माणूस पँटच्या खिशांत कोंबतो आणि खुर्चीत बसताना कळवळतो. पण गंमत अशी की जॅकेट घालणाऱ्यांतल्याही कित्येकांना खिसे मिळत नाहीत. दुकानातून आलेल्या नव्या जॅकेटचे बाहेरचे खिसे आकार बिघडू नये म्हणून टाके घालून बंद केलेले असतात. ते उसवायचे असतात. मागच्या चिरेवरही पांढऱ्या दोऱ्याची एक मोठी फुली असते, तीही कापायचीच असते. आमच्या बोटीवर पहिल्या फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, डायनिंग रूमच्या दारात रांगेत उभा होतो, तर माझ्या नाकासमोर ही फुली. एका भारदस्त, रुंद पाठीच्या गृहस्थांच्या पाठीमागे, दोन्ही चिरांवर एकेक. त्यांचं वागणं-बोलणं राजदूतासारखं आणि मागे दुकानाने लावलेलं सील शाबूत. माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली. नखाने हिसडलं तरी तुटेल, त्यांना कळणारही नाही. हिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि माझं मनगट धरून ठेवलं ते थेट टेबल येईपर्यंत.

जेवायला बसल्यावरही माझं लक्ष त्या पाठीकडेच. असो.

लोक आज ज्या डिनर जॅकेटच्या नावाने बोटं मोडतात ते जन्माला आलं मुळी आळसापोटी, हे मला फार आवडतं. तेव्हा सभ्य माणसाने रात्री जेवायचं ते मागे लांब शेपट्या असलेल्या कोटात. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीतल्या हेन्री पूल या दुकानाकडून निळ्या रंगाचं एक आखूड जॅकेट शिवून घेतलं. सँडरिंगहॅमच्या घरी, आपल्याच माणसांत, ऐसपैस बसून जेवता यावं म्हणून. वीसेक वर्षांनी, १८८६च्या सुमारास, ही फॅशन न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधल्या धनिकांपर्यंत पोचली. कितीतरी वर्षं हे जॅकेट घरात किंवा पुरुषांच्याच बैठकीत ठीक, स्त्रिया असतील तिथे ते घालून जाणं म्हणजे आगाऊपणा, असा समज होता. आज तेच जॅकेट म्हणजे बंधन, जाच, जुनाट थाट! राजपुत्राने आरामासाठी काढलेली पळवाट त्याच्या पणतवंडांच्या पिढीला तुरुंग वाटली. या हिशेबाने आणखी शंभर वर्षांनी एखाद्या बोटीच्या चोपडीत छापलेलं असेल : संध्याकाळी सहानंतर गोल गळ्याचा टी-शर्ट आवश्यक. आणि तेव्हाचे लोक म्हणतील, सुट्टीवर आलोय, पैसे मोजलेत.

बोटीवाल्यांनीही पळवाटा ठेवल्याच होत्या. अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजांवर पहिल्या वर्गात रोज रात्री कपडे बदलून जेवायची रीत होती, पण पहिल्या रात्री नाही, कारण ट्रंका उघडलेल्या नसत. आणि शेवटच्या रात्री नाही, कारण ट्रंका भरलेल्या असत. इतका व्यवहारी नियम मी दुसरीकडे पाहिलेला नाही. अजूनही पहिल्या रात्री सहसा फॉर्मल नाइट ठेवत नाहीत, आणि कारणही तेच : बॅगा अजून केबिनच्या दारांत पोचायच्या असतात.

उकाड्यापुढेही थाटाने माघार घेतलेली आहे. लाल समुद्रात पंख्याखालीसुद्धा घाम निथळतो म्हटल्यावर ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्यांनी सरळ जॅकेट काढून ठेवलं. काळी पँट, पांढरा शर्ट, कमरेला कमरबंद, झालं. त्याला ‘रेड सी रिग’ असं भारदस्त नाव मिळालं आणि तोही एक रीतसर पोशाख ठरला. म्हणजे नियम मोडायचा, पण सगळ्यांनी मिळून, शिस्तीत आणि कमरबंद बांधून. मला वाटतं हीच खरी सुसंस्कृत माणसं.

आता उकाड्याची सबबही उरलेली नाही. बाहेर कितीही ऊन असो, डायनिंग रूममध्ये एसी असा काही सोडलेला असतो की दुसऱ्या कोर्सपर्यंत बिनबाह्यांच्या कपड्यांतल्या बायका दंड चोळायला लागतात. पुरुषांची जॅकेट्स मग खुर्चीच्या पाठीवरून शेजारच्या खांद्यांवर जातात. माझं गेलं. खिशांतल्या चष्म्यासकट.

पण खरं कारण माझ्या लक्षात आलं ते खिडकीजवळचं टेबल मिळालं तेव्हा. ते मिळावं म्हणून लोक काय काय खटपटी करतात! आम्हाला आपोआप मिळालं. बसलो, बाहेर पाहिलं. काचेत मी दिसलो. मागे झुंबर, झुंबरामागे वेटर. समुद्र नावाला नाही. बोटीवर सूर्य बुडाला की समुद्र म्हणजे नुसता काळोख, त्यातून डायनिंग रूम बहुतेक खालच्या डेकवर, म्हणजे चांदण्याचाही प्रश्न मिटला. १९३५ साली पहिल्या सफरीला निघालेल्या ‘नॉर्मांडी’ या फ्रेंच जहाजाच्या पहिल्या वर्गाची डायनिंग रूम सुमारे ९३ मीटर लांब होती, एका वेळी ७०० माणसं जेवायची, आणि एवढ्या दालनात समुद्र दिसावा अशी सोयच नव्हती. उजेड सगळा लालिक या फ्रेंच काच-कलाकाराच्या काचेच्या दिव्यांचा. आत शिरायचं ते पायऱ्या उतरून, म्हणजे येणारा माणूस अख्ख्या दालनाला नखशिखांत दिसावा. ज्याने ती खोली आखली त्याला पक्कं ठाऊक होतं की रात्री जहाजावर बघण्यासारखं एकच काही असतं, ते म्हणजे दुसरी माणसं.

मग त्या दुसऱ्या माणसांनी थोडं नीट दिसावं एवढीच काय ती अपेक्षा. दिवसभर आम्ही एकमेकांना ज्या अवस्थेत पाहिलेलं असतं ती काही विचारू नका. ओली पोटं, सोललेली नाकं, आरामखुर्चीत उघडी पडलेली तोंडं. फॉर्मल नाइटच्या संध्याकाळी पाच वाजता मी शर्टाला इस्त्री करायला कपडे धुण्याच्या खोलीत गेलो होतो. तिथे चड्डी-बनियनवर पुरुषांची रांग. सगळ्यांच्या हातांत पांढरे शर्ट, आणि चेहऱ्यावर दाढी करताना असतो तो भाव. पोहण्याच्या चड्डीतला एक उघडाबंब आजोबा कॉलरची टोकं इतक्या निगुतीने दाबत होता की मागच्या कुणाची हूं की चूं करायची हिंमत झाली नाही. त्याने एका कफची इस्त्री मनासारखी झाली नाही म्हणून पाणी मारून पुन्हा केली. रात्री तोच आजोबा जिन्यावरून खाली येताना दिसला. बो-टाय किंचित वाकडा, पण कफ असे काही! आमची नजरानजर झाली. त्याने मान लववली, मीही लववली. आमच्या दोघांत जणू काही व्यवहार पुरा झाला होता.

नियम काटेकोर असले की विनोदही आपोआप घडतात. औपचारिक रात्री राष्ट्रीय पोशाख बहुतेक जहाजांवर चालतो, तेव्हा किल्ट घातलेला स्कॉटिश माणूस दोन्ही गुडघे मिरवत आत येतो आणि हेडवेटर त्याला अदबीने खुर्ची ओढून देतो. मागोमाग अर्धी पँट घातलेला दुसरा माणूस तेच दोन अवयव घेऊन आला, तर त्याला दारातच अडवतात. गुडघा तो गुडघा, पण एकाच्या मागे इतिहास आहे.

हळूहळू हेही जाणार हे दिसतंच आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० सालीच ‘फ्रीस्टाइल’ म्हणून सगळं मोकळं करून टाकलं. सेलिब्रिटी नावाच्या क्रूझ कंपनीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइटचं नाव बदललं आणि जॅकेट ऐच्छिक केलं. इतकंच काय, क्यूनार्डसारख्या जुन्या थाटाच्या कंपनीनेसुद्धा गाला, म्हणजे खास थाटाच्या, रात्री सोडून बाकी संध्याकाळी जॅकेटचा आग्रह सोडला. मला वाईट वाटतं, पण मी निषेधाचं पत्र वगैरे लिहिणार नाही. टाय गेला तेव्हा मी मनातून खूशच झालो होतो, आता जॅकेटसाठी कोणत्या तोंडाने भांडू?

शेवटच्या फॉर्मल नाइटला आमच्या टेबलावर हाच विषय निघाला. सहाही जण आपापलं मत हिरिरीने मांडत होते. एकाने जॅकेट काढून मांडीवर घेतलं होतं, तेवढ्यावरूनही दोघांत जुंपली. आमचा वेटर मागे उभा होता. पांढरं जॅकेट, वरपर्यंत लावलेली बटणं. पहिल्या पाळीचे लोक साडेसहाला जेवून गेले, तेव्हाही तो याच जॅकेटात होता. दुपारी बुफेवर ताटं उचलताना मी त्याला पाहिलं होतं, तेव्हाही कुठल्यातरी जॅकेटातच होता. कितीतरी महिन्यांचं कंत्राट संपवून तो घरी जाईल तेव्हाच कुठे त्याला हवं ते घालून रात्रीचं जेवता येणार. या विषयावर मत असायचा अधिकार त्या खोलीत कुणाला असेल तर त्याला होता. विचारावं असं फार मनात आलं.

तेवढ्यात त्यानेच वाकून विचारलं, कॉफी घेणार का, सर? मी म्हटलं, घेईन.