आठ बोल्ट आणि मागून आणलेला टॉर्क पाना

करूळ घाट चढताना रेडिएटरचा पाइप फुटला आणि मी शहाणपणा करून गाडी तशीच गगनबावड्यापर्यंत रेटली. दुसऱ्या दिवशी ऑइलचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा चिकट थर. म्हणजे रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. हेडचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं होतं; ते हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसतं. गाडी जुनी मारुती ८००, तीन सिलिंडरची. म्हटलं, या वेळी आपणच उतरवू.

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना सोडलं तर वाकडं होतं. बोल्टसुद्धा कडेकडून मध्याकडे, एकेक पाव फेरा देत सोडले. हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिलं आणि घरी येऊन जुने आठ बोल्ट टीपॉयच्या काचेवर डोक्यावर उभे केले. सात एका उंचीचे, आठवा केसभर उंच. त्यावर नवा नट हाताने फिरवला, तर अर्ध्या वाटेवर अडला. तिथे आटे ताणले गेले होते. हा बोल्ट परत लावला असता, तर टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने पिळला ते मोजणारा) पाहिजे तो आकडा दाखवत राहिला असता आणि बोल्ट नुसता लांबत गेला असता.

नवीन घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “मालक, ह्ये १२.९ चं ॲलन बोल्ट न्या, बापजन्मात तुटायचं न्हाईत.” मोह झाला. १२.९ म्हणजे १२०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसणारा आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा न लांबणारा. पण हेडचा बोल्ट म्हणजे एक कडक स्प्रिंगच. तो किंचित ताणला जातो, म्हणून पॅकिंग दाबून धरतो. गाडीच्या पुस्तकातला आवळण्याचा आकडा त्याच बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखालच्या घर्षणाला धरून दिलेला असतो. ॲलन बोल्टचं डोकं लहान, ते मऊ हेडमध्ये रुतणार. मी कंपनीचाच आठचा सेट घेतला. (नव्या गाड्यांत बरेचदा आधी टॉर्क, मग अंशात फेरा असं गणित असतं. असे बोल्ट एकदाच वापरायचे.)

सगळ्यात जास्त वेळ भोकं साफ करण्यात गेला. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचलं असेल तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. कापसाचा बोळा, तार, मग हवा. एका भोकातून चमचाभर कूलंट निघालं! आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचं फक्त बोट फिरवलं. पान्याला लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो. त्यामुळे एक बोल्ट कोरडा आणि दुसरा तेलकट असला, तर आकडा सारखा येऊनही दाब सारखा येत नाही.

शेजारचे मिस्त्रीकाका बघत होते. “हाताला कळतंय की वो, पाना कशाला पायजे?” त्यांच्या हाताला कळत असेल, माझ्या नाही. पाना भाच्याच्या वर्कशॉपमधून आणलेला, लावलेला आकडा आला की टक् वाजणारा, त्यावर न्यूटन-मीटर. माझ्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर. ९.८ ने गुणायचं हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. आकडा इथे मुद्दाम देत नाही, आपापल्या इंजिनाचं पुस्तक बघा.

मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जात तीन फेऱ्यांत आवळले. मधून सुरुवात केली की पॅकिंग सपाट बसत कडेकडे सरकतं. तिसरी फेरी संपली, तरी उगाच शंका म्हणून पहिल्यावर पाना लावला. टक् होण्याआधी तो थोडासा फिरला! बाकीचे आवळले गेल्यावर पॅकिंग आणखी दबलं होतं आणि पहिला सैल पडला होता. मग सगळे त्याच क्रमाने पुन्हा तपासले. या वेळी सगळे जागच्या जागी टक्.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले, ऑइल बदललं, कूलंट भरलं, स्टार्टर मारला. वीस मिनिटं गाडी जागेवरच चालवली. काका रेडिएटरच्या तोंडात डोकावून बसले होते. पॅकिंग गळत असतं, तर तिथे बुडबुडे आले असते. बुडबुडा आला नाही, तेव्हा उठले आणि म्हणाले, “चहा टाका.”