मुंबईत गळ टाकायचाय? आधी तिथी बघा

परवा ऑफिसात एका पोराने विचारलं, सर तुम्ही म्हणे दर शनिवारी मासे पकडायला जाता, मुंबईत कुठे बरं पडेल, लोकेशन पाठवा ना. मी म्हटलं आज तिथी काय? तो बघतच राहिला, त्याला वाटलं मी मुहूर्त काढतोय. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

तर पहिली गोष्ट. मुंबईत जागा भरपूर आहेत पण कुठलीही जागा चोवीस तास चांगली नसते. पाणी कधी चढतंय कधी उतरतंय ते कळलं की बांद्र्याचा दगडसुद्धा चालतो आणि नाही कळलं तर मांडव्याला जाऊनसुद्धा हात हलवत परत. माझा मामा लोअर परळच्या चाळीत राहायचा, 1982 च्या संपात गिरणी बंद पडली आणि वेळच वेळ झाला तसा वरळीच्या दगडांवर जाऊन बसायला लागला. रॉडबिड काही नाही, पावडरच्या रिकाम्या डब्याला गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि दोन गऱ्या, म्हणजे गळाचे आकडे. आमच्या मालवणी बोलीत असं मासे धरण्याला गरवणं म्हणतात. घड्याळ नसलं तरी भरती कधी ते त्याला बरोब्बर ठाऊक असायचं, कारण हिशोब सोपा आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. अर्धा तास मागेपुढे होतं, पण ॲप उघडेपर्यंत माझं उत्तर तयार असतं. (एकादशीला मासे खायचे नसतात, धरायला बंदी नाही, हे मामाचं शास्त्र.)

दुसरं म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात येतं आणि जोरात जातं, आणि अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा पाणी संथ. नवीन माणसाने भांगाचे दिवस धरावेत. उधाणात खाडीत शिसं तळाला टिकतच नाही, वाहत जातं आणि कुठल्यातरी दगडाला अडकून तंगूस तुटतो. एका सकाळी मी अशा पाच गऱ्या घालवल्यात, सहावी बांधायला हात उचलेना.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा सांगतो, मार्वे-मनोरीची खाडी. मालाड स्टेशनबाहेरून बेस्टची बस मार्व्याला सोडते, तिथून फेरीबोटीने पाच मिनिटांत पलीकडे मनोरी, आणि त्या बोटीवर लोक बाईक घालून, भाजीच्या पिशव्या घेऊन आरामात जात असतात. मार्व्याच्या बाजूला नौदलाचं आयएनएस हमला आहे, त्यामुळे तिकडे मोबाईल काढून फोटोबिटो काढत बसू नका. मनोरीच्या बाजूला उतरलात की काठाकाठाने चालत जा, जिथे तिवरांमधून, म्हणजे खारफुटीतून, पाण्याची बारकी नाळ खाडीत उतरते तिथे थांबा. भरतीला छोटी कोळंबी, बोय माशाची पिल्लं सगळी तिवरात शिरतात, आणि ओहोटी लागली की त्याच नाळेतून बाहेर येतात. मोठा मासा बाहेर तोंडाशी टपून असतो. म्हणजे भरती पूर्ण झाल्यापासून पुढचा दीड-दोन तास हा तुमचा वेळ. अष्टमीला पहाटे सहाला भरती, उजाडता उजाडता पाणी फिरतं, यासारखं सुख नाही. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत असतात, तिवरात खंड्या बसलेला असतो, तो माझ्यापेक्षा जास्त मासे धरतो पण ते जाऊदे.

इथे नशीब असेल तर जिताडा लागतो. मुंबईचे कोळी खाजरी म्हणतात, आम्ही कोकणातले चोणक म्हणतो, मासा एकच. मला इतक्या वर्षांत तीनदा लागलाय, त्यातला एक पायाशी आणून सुटला, त्याच्याबद्दल बायको आता ऐकून घेत नाही. तांबोशी अधूनमधून. पण दहातल्या आठ वेळा लागणार शिंगाळा, हे लिहून ठेवा. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक काटा असतो, करवतीसारखा आणि विषारी. गरी काढताना ओलं फडकं टाकून डोक्यामागून घट्ट दाबायचा आणि पक्कडीने गरी फिरवायची. तेव्हा तो चक्क घुर्र घुर्र असा आवाज काढतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मासा सोडून मागे सरकलो होतो आणि बाजूचा कोळी पोरगा हसून हसून बेजार. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, त्याच्या डंखालाही हेच. 2013 च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारले होते, आठवत असेल, म्हणून चौपाटीवर पाण्यात चालायचं तर पाय उचलून नाही, घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच पळतं.

बांद्रा बँडस्टँड. ओहोटीला काळे दगड उघडे पडतात, त्यांच्या फटींतून गोबरा लागतो, वाम लागते. पण इथे माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. ओहोटीला आत आत चालत गेलो, मासा टोचत होता म्हणून उठवेना, आणि मागे वळून बघतो तर मी आलो तो रस्ता पाण्याखाली. भरती समोरून येताना दिसते हो, मागच्या खळग्यातून कधी भरते ते कळत नाही. कमरेइतक्या पाण्यातून रॉड डोक्यावर धरून बाहेर आलो, चप्पल गेली, मोबाईल गेला, आणि काठावर बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून दगडांवर जायचं तर पाणी उतरत असतानाच, आणि चढायला लागलं की मासा असो नसो, उठायचं.

मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, लोक बसतात, मी नाही बसत. शेवाळ, फटी, आणि आत पडलात तर काढायला फायर ब्रिगेड लागते. वरळीची तर आता चवच बदलली, मामाचे दगड होते तो किनारा कोस्टल रोडच्या भरावाने ओळखू येईना झालाय. 2024 मध्ये रस्ता सुरू झाला, गाड्या भुर्रकन जातात, मान्य. वरळी कोळीवाड्याने त्यांच्या बोटींच्या वाटेतल्या पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 करून घ्यायला केवढं भांडण केलं, ते त्यांच्यासाठी. आम्हा गरीवाल्यांना कोण विचारतो.

माहीमला मिठी नदी येऊन मिळते, ठाणे खाडीचं पाणी तुम्हाला माहितीच आहे, तिथे पकडलेलं मी खात नाही. शिवाय ठाणे खाडीचा बराच भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे गळ घेऊन फिरू नका.

लांब जायची तयारी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मोरा किंवा रेवस. धक्क्यावर पहाटेचा लिलाव एकदा बघाच, आपल्या गळाला आयुष्यात लागणार नाही इतका मासा अर्ध्या तासात विकला जातो, आणि खाली बर्फाच्या पाण्यात चपला भिजतात त्या भिजतात. मांडव्याला 2020 पासून रोरो बोट पण आहे, गाडीसकट जाता येतं. दिवसभराचा मामला होतो, घरी आधी सांगून जा.

गोड्या पाण्याचं म्हणाल तर पवई. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, त्यांच्याकडे रीतसर विचारून बसायचं. कटला, रोहू, मृगळ, आणि आमिष म्हणून कणकेचा गोळा. खाडीत बसणाऱ्याला हे जरा सात्त्विक वाटतं. तळ्यात मगरी आहेत, अफवा नाही, खरंच आहेत, पाय पाण्यात सोडून बसू नका. विहार-तुळशीचा विचार डोक्यातून काढा, तिथे परवानगी नाही.

आमिषाचं एकच, ताजी कोळंबी. आदल्या दिवशीची फ्रीजमधली गरीवर टिकत नाही, मऊ पडून गळते. ती नसेल तर मांदेली किंवा माकूलची (स्क्विडची) पट्टी, माकूल सगळ्यात चिवट. आणि कृपा करून पापलेट आणा, बोंबील आणा असं सांगू नका. पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा वगैरे झालाय पण तो जाळ्यातला मासा, गळाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि बोंबील डोल जाळ्यात येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राकडे मीही जात नाही, लाट कुणाची नसते. खाडी बरी. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात नारळ सोडले की मग परत दगडांवर.

गेल्या शनिवारी मनोरीला चार तास बसलो, एक शिंगाळा आणि चार बोय. परत येताना वासामुळे मी नेहमी लगेज डब्यात चढतो, मालाडला चढलो तर दोन कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या. एक म्हणाली, काय गावलं रं? पिशवी उघडून दाखवली. दोघी एकमेकींकडे बघून जे हसल्या, बोरिवली येईपर्यंत थांबल्या नाहीत. शेवटी तिच्याच टोपलीतला एक छोटा रावस घेतला, भाव केला नाही, तोंडच नव्हतं. घरी येऊन ओट्यावर ठेवला, म्हटलं मनोरीला लागला. बायकोने कल्ले उघडून बघितले आणि विचारलं, मग आज मनोरीला बर्फ पडला का?