'सिली मिस्टेक' असं लिहिणं मी बंद केलं

दीड वर्ष झालं, ड्युटी संपली की घरी निघायच्या आधी दहा मिनिटं बसून मी वहीत लिहिते. नर्सिंगची नोकरी चालू आहे आणि सोबत पुढचं शिक्षणही, त्यामुळे दोन्हीसाठी वही एकच. वॉर्डातलं पण त्यातच आणि अभ्यासाचं पण त्यातच.

सुरुवातीचे तीनेक महिने मी जे लिहिलं ते आता वाचलं तर हाताला काहीच लागत नाही. 'आज खूप गर्दी. पाय दुखले. फार्माकोलॉजीचे दोन चॅप्टर झाले.' ही नुसती नोंद झाली, विचार नाही. पण तेव्हा मला वाटायचं की रोज लिहितेय म्हणजे रिफ्लेक्शन होतंय.

फरक पडला तो डोस कॅल्क्युलेशनमुळे. सराव पेपरात गणित चुकलं की मी वहीत लिहायचे 'सिली मिस्टेक, नीट लक्ष दे'. एका सुट्टीच्या दिवशी मागची पानं चाळत बसले तर दीड महिन्यात हे वाक्य पाच वेळा आलेलं दिसलं, मग मी ते पाचही पेपर काढले आणि कच्चं काम बघितलं. एक गणित असं होतं: पेशंट ६० किलोचा, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, आणि ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध, तर शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचा रेट किती? ५ गुणिले ६० म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम, इथपर्यंत बरोबर. पण हे दर मिनिटाचं आहे, पंपाला रेट तासाचा लागतो, म्हणजे अजून ६० ने गुणायचं, तेव्हा कुठे ताशी १८ मिलिग्रॅम येतं आणि रेट येतो ताशी ४.५ मिलिलिटर. पाचातल्या चार गणितांत माझी हीच पायरी गळाली होती. लक्ष नव्हतं असं नाही, मी एकक फक्त शेवटच्या उत्तरापुढे लिहीत होते, मधल्या ओळींत नुसते आकडे. आता प्रत्येक ओळीत एकक लिहिते, 'प्रति मिनिट' डोळ्यासमोर असलं की तास आपोआप आठवतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, 'दिवस खराब गेला', 'पेशंट ऐकत नाही' असं काही लिहिलं की त्याच्याखाली लगेच लिहायचं, म्हणजे नक्की काय झालं?

याचा वॉर्डात जास्त उपयोग झाला. एका आजोबांना डिस्चार्जच्या वेळी मी इन्सुलिन पेन शिकवलं होतं, सगळं सांगून झाल्यावर 'समजलं ना?' विचारलं, ते हो म्हणाले. फॉलोअपला आले तेव्हा शुगर वाढलेली. वहीत मी आधी लिहिलं 'सांगूनही नीट घेत नाहीत'. मग खालचा प्रश्न. नक्की काय झालं? तर ते बटण दाबून लगेच सुई बाहेर काढत होते, १० सेकंद आत ठेवायची हे राहून जात होतं. आणि मी त्यांना एकदाही करून दाखवायला सांगितलं नव्हतं. माझ्या 'समजलं ना' ला वयस्कर माणूस 'नाही' कसं म्हणेल? आता मी म्हणते, आजोबा, घरी कसं घेणार ते मला एकदा दाखवा. याला टीच-बॅक म्हणतात, मी ते परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, पण हाताला लागलं ते या पानामुळे.

कोर्समध्ये आम्हाला रिफ्लेक्शनसाठी, म्हणजे अनुभवावर विचार करायला, गिब्जचं चक्र आहे, १९८८ चं: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, कारण काय, निष्कर्ष, पुढे काय करणार. सहा पायऱ्या. चांगलं आहे, पण रोज सहाच्या सहा लिहायला गेलं की माणूस आठवड्यात सोडून देतो असं माझं स्पष्ट मत आहे. मी कारणावरच वेळ घालवते कारण तिथेच आपण सगळ्यात जास्त घाई करतो. ब्रिटनमध्ये नर्सना रजिस्ट्रेशन टिकवायला दर ३ वर्षांनी असे ५ लेखी अनुभव तयार ठेवावे लागतात, ते मला आवडतं. तरी दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की हात आखडतोच, म्हणून स्वतःची वही वेगळी हवी. आणि त्यात पेशंटचं नाव, बेड नंबर कधीच नाही, वही हरवू शकते.

लिहिण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे महिन्यातून एकदा मागचं सगळं वाचणं. एकेका पानावर काही दिसत नाही, चार पानं शेजारी ठेवली की दिसतं.

सध्या एक गोष्ट तीनदा आलीय: रात्रपाळीला शंका आली तरी डॉक्टरांना फोन करायला मी थांबते. का, ते अजून कळलेलं नाही. आधी लिहायचे 'थोडा उशीर झाला'. काल पहिल्यांदा वेळ टाकली. शंका आली २:१०, फोन केला २:३५. मधल्या २५ मिनिटांत मी काय काय केलं ते आज लिहायला बसणार आहे.