व्हॉलंटियर्सच्या रूमचं गणित

आमच्या कॉलेजची पोरं सध्या एका संस्थेसाठी फंडरेझिंगचा प्लॅन करतायत, बाहेरगावाहून येणाऱ्या व्हॉलंटियर्सना पुण्यात राहायला जागा हवीय म्हणून. कोथरूडात टू बीएचके बघायला गेलं की मालक आधी विचारणार बॅचलर का, मग डिपॉझिटचा आकडा, वर ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच रामायण. शाळेच्या वह्यांना लोक पटकन पैसे देतात हो, भाड्याला कोण देणार? म्हणून पोरांनी एका कॉटचा महिन्याचा खर्च काढला, गादी, लाइटबिल, मेस सगळं धरून, आणि 'एक कॉट तुमच्याकडून' असं मागायचं ठरवलंय. भारी आहे राव! फक्त २००० च्या वर कॅश दिली तर टॅक्सची सूट मिळत नाही हे पावतीवरच छापा म्हटलं, नाहीतर काकालोक नंतर फोन करकरून डोकं खातात.